घरच्या कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा, की जुन्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकावे?

परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दुमजली घर आहे, अंगणापलीकडे वडिलोपार्जित माळवदाचा वाडा आहे, घरात दोघे पती-पत्नी राहतात आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. एकूण ६ कॅमेरे बसवायचे ठरले आहे. कॅमेरे बसवणारा कारागीर म्हणतो की ८ चॅनेलचा एनव्हीआर, म्हणजे ८ कॅमेऱ्यांपर्यंतचे चित्रण साठवणारा स्वतंत्र रेकॉर्डर घ्या. मुलगा म्हणतो की त्याचा इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा संगणक घरात पडूनच आहे, त्यावर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर टाकले की रेकॉर्डरचे पैसे वाचतील आणि सोयीही जास्त मिळतील. यातले कोणाचे ऐकावे?

सर, मी नांदेड, परभणी आणि हिंगोली या पट्ट्यात १८ वर्षांपासून हेच काम करतो आणि दोन्ही प्रकारच्या यंत्रणा मी स्वतः बसवून पुढे वर्षानुवर्षे सांभाळलेल्या आहेत. आपल्या घरासाठी माझे मत रेकॉर्डरच्या बाजूने आहे. आपला मुलगा सॉफ्टवेअरच्या गुणांबद्दल जे सांगतो ते बहुतेक खरे आहे, तरीही हे मत मी का देतो, ते नीट मांडतो. माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न असा असतो की ही यंत्रणा बंद पडली तर ती बंद पडली आहे हे घरात कोणाच्या लक्षात येईल, आणि ती पुन्हा कोण सुरू करील. आपल्या घरी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘कोणी नाही’ असे आहे, कारण ज्याला हे जमते तो पुण्यात आहे.

एक उदाहरण सांगतो. मोंढ्यातील एका आडत दुकानात आम्ही संगणकावर चालणारी रेकॉर्डिंगची व्यवस्था बसवली होती. चांगले सॉफ्टवेअर होते, परवाना रीतसर घेतलेला होता, आणि दोन वर्षे तक्रार आली नाही. एका सकाळी गोदामाचे कुलूप तुटलेले दिसले म्हणून मालकांनी फुटेज काढायला बोलावले, तेव्हा शेवटची नोंद ११ दिवसांपूर्वीची निघाली. संगणकाने रात्री स्वतःला अद्ययावत करून घेतले होते, तो पुन्हा सुरू झाला होता आणि पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर थांबला होता. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरकर्त्याने आत प्रवेश केल्यावरच सुरू होईल अशा पद्धतीने बसवलेले होते. ते पार्श्वभूमीवर चालणारी सेवा म्हणून बसवायला हवे होते; ती चूक आमची होती आणि तिची भरपाई त्या मालकांना कशानेच मिळाली नाही. मॉनिटर बंद ठेवलेला असल्यामुळे ११ दिवसांत कोणाला काही कळण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडची लाइट कशी आहे ते आपण जाणताच. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात डीपी जळाली तर शहराच्या कडेच्या वस्त्यांना रात्र-रात्र अंधारात काढावी लागते, आणि एरवीही दिवसातून दोनचार वेळा क्षणभर लाइट जाऊन येणे हे नित्याचे आहे. या क्षणभराच्या जाण्याने रेकॉर्डरचे फारसे बिघडत नाही, कारण लाइट आली की तो एकदोन मिनिटांत आपोआप उभा राहून रेकॉर्डिंगला लागतो. तो याच कामासाठी बनवलेला असतो. घरगुती संगणक मात्र कारखान्यातून येताना सहसा ‘लाइट आली तरी बंदच राहा’ अशा मांडणीत येतो. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर जाऊन ती मांडणी बदलावी लागते, आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की ती बदललेली मांडणी आणि घड्याळ दोन्ही पुसले जाऊ शकते. इन्व्हर्टर असला तरी त्याची कळ ‘नॉर्मल’वर असेल तर बदलाच्या क्षणी संगणक रीस्टार्ट होण्याची शक्यता मोठी असते, ती ‘यूपीएस’वर ठेवावी लागते. हे सारे करता येते. पण प्रत्येक गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवून केलेली असावी लागते.

आता वीजखर्चाकडे पाहू, कारण ‘संगणक घरातच पडून आहे, म्हणजे तो फुकट आहे’ या हिशेबातली गफलत इथे आहे. असा जुना डेस्कटॉप मॉनिटरशिवाय सुमारे ८० वॅट घेतो असे धरा. २४ तास चालवला तर दिवसाला १.९२ युनिट आणि महिन्याला ५७.६ युनिट होतात. ८ चॅनेलचा, एका डिस्कचा रेकॉर्डर १२ ते १५ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे महिन्याला साधारण ९ ते ११ युनिट. कॅमेऱ्यांची वीज दोन्हीकडे सारखीच लागते, म्हणून ती मोजलेली नाही. फरक दरमहा ४६ ते ४९ युनिटांचा पडतो, आणि महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर वरच्या टप्प्यात जात असल्यामुळे हे वाढीव युनिट अनेक घरांत महाग दरानेच लागतात. आपल्या बिलावरचा दर घेऊन बारा महिन्यांचा गुणाकार केला, तर रेकॉर्डरची किंमत किती दिवसांत भरून निघते ते आपल्यालाच दिसेल.

इन्व्हर्टरवरही हाच हिशेब लागू होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून नुकसान वजा जाता सुमारे १२५० वॅट-तास मिळतात असे धरले, आणि ६ कॅमेरे मिळून ३६ वॅट घेतात असे धरले, तर रेकॉर्डरसह ही यंत्रणा एकट्याने दिवसभर चालेल. संगणकासह ती १० ते ११ तासांत थांबेल. पंखे आणि दिवेही त्याच बॅटरीवर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतील, पण प्रमाण तेच राहील.

त्या विशिष्ट संगणकाबद्दलही दोन गोष्टी मुलाला जरूर सांगा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या आणि घराचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली राहील, किंवा मग विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी लागेल. दुसरी गोष्ट चित्राच्या संकोचनाची आहे. आजचे बहुतेक कॅमेरे एच.२६५ या पद्धतीने चित्र दाबून, लहान करून पाठवतात, आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरात ते उलगडण्याची स्वतंत्र यांत्रिक सोय नाही. ती पूर्णपणे सहाव्या पिढीपासून आली. नुसते साठवायचे असेल तर चित्र उलगडावे लागत नाही, ते आले तसे डिस्कवर उतरते. परंतु माणूस, गाडी ओळखण्यासाठी सॉफ्टवेअरला ते सतत उलगडून पाहावे लागते, आणि ६ कॅमेऱ्यांचे मुख्य चित्र उलगडताना तो संगणक तापून जाईल. यावर उपाय असा की ओळखण्यासाठी कॅमेऱ्याचा दुसरा, कमी आकाराचा प्रवाह घ्यायचा आणि साठवण्यासाठी मुख्य प्रवाह घ्यायचा. जाणकार असेच करतात, पण मग ‘सॉफ्टवेअर टाकले की झाले’ इतके हे काम सोपे राहत नाही.

सॉफ्टवेअरची बाजू आता न्यायाने मांडतो, कारण मी स्वतः माझ्या घरी ते वापरतो आणि त्याची मला मनापासून आवड आहे. विंडोजवर चालणारे ब्लू आयरिस पैसे देऊन घ्यावे लागते, पण त्यात कॅमेऱ्यागणिक जितके बारकावे बदलता येतात तितके घरगुती रेकॉर्डरमध्ये मला कधी मिळाले नाहीत. लिनक्सवरचे झोनमाइंडर २००२ पासून चालत आले आहे आणि मोफत आहे. फ्रिगेट हेही मोफत असून वस्तू ओळखण्यात ते फार सरस आहे. कडुनिंबाची हलणारी सावली, कॅमेऱ्याच्या काचेपुढचे कोळ्याचे जाळे, रात्री प्रकाशाभोवती जमणारी पाखरे, अंगणातून जाणारे कुत्रे अशा कारणांनी जुन्या पद्धतीचा रेकॉर्डर रात्रभर इशारे देत राहतो, आणि चौथ्या दिवशी घरातले लोक ते इशारे बंद करून टाकतात. नीट लावलेले फ्रिगेट ‘फाटकाच्या आत माणूस आला’ एवढेच सांगते. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र आणणे, एखादी घटना घडताच तिची प्रत घराबाहेर पाठवणे, महिनोन्महिन्यांचे चित्रण ठेवणे, ही कामे संगणकावर मोकळेपणाने होतात. घरात या गोष्टीत रमणारा माणूस राहत असेल, तो आठवड्याला अर्धा तास देणार असेल, तर मी त्याला जुना डेस्कटॉप सोडून इंटेल एन-१०० सारख्या प्रोसेसरचा छोटा संगणक घ्यायला सांगतो, जो रेकॉर्डरएवढ्याच विजेत हे काम करतो. आपला मुलगा परभणीत राहत असता, तर माझे उत्तर कदाचित वेगळे झाले असते.

माझ्या मते यंत्रापेक्षा कॅमेरे आणि त्यांची जोडणी कशी घ्यायची हा निर्णय मोठा आहे, कारण रेकॉर्डर पाच वर्षांनी बदलता येतो, पण भिंतीतून ओढलेली वायर आणि छज्जाखाली बसवलेले कॅमेरे कोणी सहसा बदलत नाही. कॅमेरे आयपी प्रकारचे, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारे घ्या आणि ते ऑनव्हिफ पाळणारे असल्याची खात्री करून घ्या. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेला हा सामायिक नियम आहे, आणि तो पाळणारा कॅमेरा हाच नियम पाळणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या रेकॉर्डरला किंवा सॉफ्टवेअरला मूलभूत चित्र देऊ शकतो. फक्त स्वतःच्याच मोबाइल अ‍ॅपमध्ये चित्र दाखवणारे स्वस्त वाय-फाय कॅमेरे टाळा. आपल्या वाड्याच्या बाबतीत तर वाय-फायचा विचारच नको. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून ते पलीकडे धड पोहोचत नाही, आणि चित्र नेमके हवे तेव्हा तुटते.

इथे एक तांत्रिक बाब आहे, जी कारागीर सहसा सांगत नाहीत. ज्या रेकॉर्डरच्या पाठीमागे कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारी पीओई छिद्रे असतात, त्यात कॅमेरे थेट जोडले की ते घरच्या नेटवर्कपासून वेगळ्या कप्प्यात जातात. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगले आहे, पण पुढे मुलाला त्याच कॅमेऱ्यांवर सॉफ्टवेअर चालवायचे झाले तर त्याला कॅमेरे सरळ दिसणार नाहीत. शिवाय वीज कडाडताना अंगणातून गेलेल्या तांब्याच्या वायरीवर आलेला दाब थेट रेकॉर्डरमध्ये शिरतो. वळवाच्या पहिल्याच पावसात अशा प्रकारे जळालेले रेकॉर्डर माझ्याकडे दर वर्षी येतात. म्हणून मी पीओई नसलेला रेकॉर्डर आणि वेगळा ८ छिद्रांचा पीओई स्विच, म्हणजे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांना जोडणारी डबी सुचवतो. दाब आला तर बहुधा स्विचवर भागते, आणि कॅमेरे रेकॉर्डर आणि सॉफ्टवेअर या दोघांनाही उपलब्ध राहतात. घर ते वाडा एवढा टप्पा तांब्याऐवजी फायबरने, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलने जोडला तर वायरीवरून येणारा तो धोकाच उरत नाही. तांब्याची नेटवर्क केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच धरावी, ही मर्यादाही कारागिराला आठवण करून द्या.

या मांडणीत कॅमेरे घरच्या नेटवर्कवर येतात, त्यामुळे राउटरमध्ये जाऊन त्यांचा इंटरनेट बंद करणे आवश्यक ठरते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभर काबीज केले होते, आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडण्यात आली. पासवर्ड बदला, राउटरमधील यूपीएनपी (उपकरणांना राउटरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद ठेवा, आणि बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येणारी वाट, उघडून देऊ नका. मुलाला पुण्यातून पाहायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी, सुरक्षित वाट लावणे सर्वांत चांगले, आणि ते त्याला जमेल. कॅमेरे विकत घेताना ते केंद्र सरकारच्या नव्या सुरक्षा-निकषांनुसार एसटीक्यूसी या सरकारी तपासणी यंत्रणेकडून तपासलेले आहेत का, हेही विचारा.

डिस्कबाबत काटकसर करू नका. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असे धरले, तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी आणि ६ कॅमेऱ्यांचे १२९.६ जीबी होतात. ४ टीबीच्या डिस्कवर सतत रेकॉर्डिंग केले तरी जवळपास ३० दिवस मावतात. तेच जुन्या एच.२६४ पद्धतीत ४ मेगाबिटने केले तर १५ दिवसच मिळतील. डिस्क मात्र पाळतीच्या कामासाठी बनवलेलीच असावी. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक ही त्यातली सहज मिळणारी नावे. त्या २४ तास चालण्यासाठी आणि वर्षाला १८० टीबीपर्यंतच्या कामासाठी बनवलेल्या असतात, तर संगणकातली साधी डिस्क दिवसाचे काही तास चालेल असे गृहीत धरूनच बनवलेली असते. जुन्या संगणकातली पाच-सात वर्षे चाललेली डिस्क या कामाला लावणे मला धोक्याचे वाटते.

फुटेज पोलिसांत किंवा न्यायालयात देण्याची वेळ आली तर काय, याचा विचार घर बांधताना कोणी करत नाही, म्हणून मी तो इथे करतो. याचा एक मोठा निकाल आपल्याच भागातून गेलेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता की नाही, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणापर्यंत गेला, आणि खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू आहे, आणि त्यातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळता येणारी तिची आकडे-अक्षरांची खूण) नोंदवावी लागते. तेव्हा यंत्र कोणतेही असो, त्याचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी व्यवस्था करा, कारण २० मिनिटे मागे असलेले घड्याळ चांगल्या चित्रालाही शंकेत टाकते. घटना घडली की जुने चित्रण पुसले जाण्याआधी प्रत काढून घ्या. आणि एक व्यावहारिक गोष्ट अशी की तपासात मूळ उपकरण ताब्यात घेतले जाऊ शकते. रेकॉर्डर गेला तर एक डबी जाते. घरचा संगणक गेला तर त्यासोबत आपले बँकेचे कागद, नातवंडांची छायाचित्रे आणि पेन्शनची कागदपत्रेही जातात.

चोरही हल्ली रेकॉर्डर शोधून उचलून नेतात. तो टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ठेवू नका. आतल्या खोलीत, कुलूपबंद पण हवा खेळत्या कपाटात ठेवा. पत्र्याच्या खोलीत किंवा जिन्यावरच्या बंद माळ्यावर मात्र नको, कारण मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना तिथे डिस्कचे आयुष्य झपाट्याने घटते. फाटकावरच्या आणि मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात एकेक मेमरी कार्ड घालून ठेवले, तर रेकॉर्डर गेला तरी शेवटचे काही दिवस कॅमेऱ्यात शिल्लक राहतात.

कारागिराचे शेवटचे पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. संध्याकाळी घराचा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि मग दोन्ही सुरू करून कशालाही हात न लावता झोपायला जा. सकाळी पहाटे ३ वाजताचे चित्रण सहाही कॅमेऱ्यांतून लावून पाहा, आणि पडद्यावरची वेळ आपल्या मोबाइलमधल्या वेळेशी ताडून पाहा. हीच चाचणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करा. मुलगा दिवाळीला आला की त्याला त्याच पीओई स्विचला संगणक जोडून त्याचे सॉफ्टवेअर जरूर लावू द्या. ते रेकॉर्डरच्या बरोबरीने चालेल, माणूस ओळखून चांगले इशारे देईल, आणि तो पुण्याला परतल्यावर ते बंद पडले तरी रेकॉर्डरचे काम अडणार नाही.